चिकटवलेला जोड पुन्हा पुन्हा सुटतोय? आधी गोंदाची बाटली खाली ठेवा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वाद्यांत मूळ बिघाड बहुधा नखाएवढा असतो. त्यावर घरी झालेला इलाज मात्र हातभर असतो, आणि माझा निम्मा वेळ जातो तो त्या इलाजावर इलाज करण्यात.

दोन वर्षांपूर्वी आलेलं एक व्हायोलिन सांगतो. जुनं, हाताने घडवलेलं, आवाजाला गोड. तक्रार एवढीच: चिनरेस्टच्या (हनुवटी टेकवायच्या भागाच्या) जवळचा कडेचा जोड सुटतो, तीनदा चिकटवला, तरी पुन्हा सुटतो. भिंगाखाली धरलं तर कडेला तीन थर दिसले. सगळ्यात आत तपकिरी, काचेसारखा टचकन तुटणारा, म्हणजे मूळचा सरस, जनावरी गोंद. त्यावर पांढुरका, नखाने दाबलं की रबरासारखा दबणारा, म्हणजे सुतारकामाचा पांढरा गोंद. आणि सगळ्यांवर कडी म्हणून सुपरग्लू, चकचकीत, बाजूच्या पट्टीवरून खाली ओघळलेला. तो ओघळ कुणीतरी घाईघाईने बोटाने पुसायला गेलं होतं. वार्निश तेवढ्यात मऊ झालेलं, त्यामुळे अंगठ्याचा ठसा तिथे कायमचा उमटला होता. रेषा न् रेषा मोजून घ्यावी इतका स्वच्छ.

मालकाने विचारलं, "याहून पक्कं काही असतं का?"

प्रश्न साधा वाटतो, पण घोळ नेमका तिथेच आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. बाकीचे बिघाड मग भराभर उरकता येतील.

जोड सुटतो, कारण तो सुटावा म्हणूनच तसा केलेला असतो

व्हायोलिनचा टॉप, म्हणजे वरचं झाकण, स्प्रूसच्या लाकडाचं असतं. जाडी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर. बाजूच्या पट्ट्या मेपलच्या, जेमतेम मिलिमीटरभर जाड आणि गरम करून वाकवलेल्या. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते सगळ्या बाजूंनी सारखं हलत नाही, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. रेषांच्या आडव्या दिशेने ते चांगलंच कमीजास्त होतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ हलतच नाही.

टॉपच्या रेषा मानेपासून शेपटीकडे उभ्या जातात, म्हणून टॉप रुंदीत आकसतो. पट्ट्यांच्या रेषा घेराच्या दिशेने धावतात, म्हणून घेर आहे तेवढाच राहतो. हवा अगदी कोरडी पडली की झाकण आत यायला बघतं आणि चौकट त्याला सोडत नाही. पुरेसा ताण साठला की कुणीतरी माघार घ्यायलाच हवी. एक तर जोड सुटेल, नाही तर लाकूड फाटेल.

घडवणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणून टॉप बसवताना तो सरस मुद्दाम पातळ वापरतो. मानेच्या जोडाला घट्ट सरस, टॉपच्या कडेला पाणी जास्त घातलेला. जोड सुटला तर तो दहा मिनिटांत परत बसतो. टॉपला भेग गेली तर दुरुस्ती कितीही सुबक होवो, ती भेग वाद्याच्या जन्मपत्रिकेत लिहिली जाते.

घरातला फ्यूज उडतो तसंच हे. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे लोक आपण पाहिलेले आहेत. फ्यूज मग उडत नाही, भिंतीतली वायर जळते. कडेच्या जोडात एपॉक्सी भरणारा माणूस अगदी हेच करत असतो. पुढच्या कोरड्या मोसमात जोड जागचा हलत नाही, आणि एफ-होलच्या, म्हणजे टॉपवरच्या f आकाराच्या छिद्राच्या टोकापासून खाली सरळ भेग जाते.

मग सरसच का

सरस हा जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढलेला गोंद. कोरडे दाणे थंड पाण्यात भिजवून फुगवायचे, मग दुहेरी भांड्यात साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत गरम करायचे. उकळला की त्याची ताकद जाते. निवायला लागला की तो जेलीसारखा गोठतो, म्हणून लाकूडही आधी कोमट करून घ्यावं लागतं. एकूण कटकटीचं काम. बाटलीचं टोपण उघडलं आणि पिळलं, असा मामला नाही.

पण त्याचे दोन गुण नेहमीच्या बाटलीतल्या गोंदांत एकत्र सापडत नाहीत. गरम पाण्याने किंवा वाफेने तो परत मऊ होतो, त्यामुळे उद्या कुणाला जोड उघडायचा असेल तर उघडता येतो. आणि नवा सरस जुन्या सरसात मिसळून जातो, त्यामुळे दर वेळी लाकूड खरवडून कोरं करावं लागत नाही.

अँटोनियो स्ट्राडिव्हारी १७३७ साली वारला. त्याने क्रेमोनात घडवलेल्या वाद्यांपैकी शेकडो अजून शिल्लक आहेत आणि त्यांतली कित्येक मैफलीत वाजतात. ती जशीच्या तशी राहिली आहेत असा मात्र अनेकांचा गैरसमज असतो. त्याच्या काळी मान आतल्या ठोकळ्याला खिळ्यांनी जोडलेली असायची. पुढे संगीत बदललं, तारांचा ताण वाढला, तसं जवळजवळ प्रत्येक वाद्याची मान बदलली किंवा लांब केली गेली आणि आतला बेस बारही, म्हणजे टॉपला आतून आधार देणारी लाकडी पट्टीही, नवा, जाडजूड बसवला गेला. हे सगळं करायला झाकण उघडावं लागतं, आणि ते उघडता आलं कारण आत सरस होता. एखाद्या जुन्या हौशी माणसाने तेव्हा एपॉक्सीसारखं काही ओतून ठेवलं असतं, तर आज ही वाद्यं काचेच्या कपाटात नुसती बघायला उरली असती.

तीनदा चिकटवूनही का सुटला

आता परत त्या तीन थरांकडे. पहिल्यांदा जोड सुटला तो हवेमुळे. बिघाड म्हणावा असं काही नव्हतंच. त्यात पांढरा गोंद गेला. हा गोंद कपाटाच्या फळ्यांना उत्तम, पण सतत ओढ असेल तिथे तो हळूहळू सरकतो. रात्रंदिवस ताणात असलेल्या वाद्यात तो चघळलेल्या च्युइंगगमसारखा लांबत जातो. शिवाय त्याच्या वाळलेल्या थरावर पुन्हा तोच गोंद लावला तर नीट पकडत नाही. म्हणून दुसऱ्यांदा सुटला, आणि पुन्हा तोच लावल्यावर तिसऱ्यांदाही.

मग सुपरग्लू. तो पाण्यासारखा पातळ, लाकडाच्या नसांत शिरतो, आत गेला की दगड. लाकूड हलतं, दगड हलत नाही. तो थर कडक आणि ठिसूळ असल्यामुळे थोड्या हालचालीने तडकतो आणि सुटताना बरोबर लाकडाचे तंतू उपटून आणतो. आता दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग एकमेकांना जुळतही नाहीत. चौथ्यांदा सुटला तो असा. चौथ्यांदा तिथे काहीही लावलं असतं तरी ते लाकडाला चिकटलंच नसतं, जुन्या गोंदाच्या सालीला चिकटलं असतं.

तेव्हा तुमच्या वाद्याचा एकच जोड एकाच जागी वारंवार सुटत असेल, तर गोंद कमजोर आहे हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढा. आधी खोलीतली हवा बघा. वाद्य ठेवता त्या जागी साधा आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये लाकडी वाद्यं सुखात असतात. आकडा रोज वरखाली उड्या मारत असेल तर पेटी बंद ठेवायची सवय लावा आणि वाद्य एसीच्या झोताखाली, हीटरजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. माझ्या अनुभवात ‘सारखा सुटणारा जोड’ घेऊन येणाऱ्यांतले निम्मे लोक गोंदाला हात न लावता हा प्रश्न सोडवू शकले असते.

खरखर येते म्हणून काहीतरी चिकटवण्याआधी

वाद्यात झणझण किंवा खरखर यायला लागली की माणूस पहिला संशय भेगेवर घेतो आणि दिसेल त्या रेषेत गोंद भरतो. लाकडाची नैसर्गिक रेषा भेग समजून सुपरग्लू लावलेली एक गिटार मी पाहिली आहे. वाद्य धडधाकट होतं. खरखर येत होती ती खुंटीच्या यंत्रावरच्या सैल झालेल्या एका वॉशरमुळे.

शोध बाहेरून आत घ्या. फाइन ट्यूनरचा (सूर बारीक जुळवायच्या भागाचा) सैल स्क्रू, चिनरेस्टचा ढिला पट्टा, तारेच्या टोकाला सुटलेलं वेष्टण, खुंटीच्या पेटीत तारेचं लोंबतं टोक. कुणाच्या शर्टाचं बटणही चालतं, हसू नका, वाजवताना वाद्याला टेकलेलं बटण अस्सल भेगेसारखा आवाज काढतं. हे सगळं निर्दोष निघालं की बोटाच्या पेराने कडेकडेने हलकं ठोकत जा. जोड पक्का असेल तिथे आवाज भरीव येतो. सुटला असेल तिथे एक पोकळ, दुहेरी टकटक ऐकू येते. एकदा ती कानात बसली की चुकत नाही. खात्री करायची तर कागदाचा पातळ कपटा त्या फटीत अलगद सरकतो का बघा. चाकू नको, ब्लेड नको. कागद जात नसेल तर ते तिथेच सोडा.

फट सापडली की तारा थोड्या सैल करा. थोड्या, सगळ्या काढून टाकायच्या नाहीत. कारण व्हायोलिनच्या आत साउंडपोस्ट नावाची सहा मिलिमीटर जाडीची एक काडी उभी असते, ती कशालाच चिकटवलेली नसते. वरखालच्या लाकडांच्या दाबावर ती उभी राहते. सगळ्या तारा एकदम काढल्या की दाब जातो आणि ती आत आडवी पडू शकते. पडली म्हणून वाद्य बिघडत नाही. पण ती पडलेली असताना तारा परत ताणल्या तर ब्रिजवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यावर येणारा आठ-नऊ किलोचा दाब नुसत्या टॉपवर येतो, आणि टॉप आत खचतो.

या काडीवरून आठवलं. ती पडू नये म्हणून दोन्ही टोकांना गोंद लावून ‘पक्की’ केलेली मी तीन वाद्यं उघडली आहेत. एकात काडी मापापेक्षा लांब कापून ठोकून बसवली होती. टॉप त्या जागी आतून ढकलला जाऊन फुगला होता आणि काडीच्या डोक्यावरून भेग गेली होती. साउंडपोस्टच्या जागेची भेग ही व्हायोलिनमधली सगळ्यात वाईट भेग, कारण तिथे दाब कायम असतो. ती नीट करायची तर आतून लाकूड कोरून नवा तुकडा बसवावा लागतो. हीच भेग पाठीला गेली तर वाद्याची किंमत धाडकन खाली येते. कारण काय, तर काडी एकदा पडली होती म्हणून.

भेग खरोखरच असेल तर

तिला हात लावू नका. बोट फिरवून बघायचा मोह होतो, पण बोटाचं तेल आणि घाम ताज्या लाकडात मुरला की सरस पकडत नाही. ताज्या भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींना इतक्या नेमक्या जुळतात की वेळेत काम झालं तर रेघही दिसत नाही. त्यात काही भरलं की हा जुळवा कायमचा जातो. निघालेला लाकडाचा सगळ्यात बारीक कपचाही कागदात घडी करून पेटीत ठेवा. तो कपचा मला कुठल्याही नव्या लाकडापेक्षा मोलाचा आहे. त्यावर मूळ वार्निश असतं.

भेगेवर चिकटपट्टी लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण पट्टी काढताना तिच्याबरोबर वार्निशही निघून येतं.

खुंटी सरकते

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि घरच्या इलाजांची कल्पकताही इथे सगळ्यात जास्त दिसते. राळेची पूड, खडू, मेण, तेल, टेप, कापसाची चिंधी, एकदा तर च्युइंगगम.

व्हायोलिनची खुंटी निमुळती असते. ३० मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर जाडी कमी, असा तिचा उतार. भोकालाही तोच उतार असतो. दोन्ही नीट गोल असतील तर पाचरीसारखी पकड बसते. सरकण्याचं कारण बरेचदा गुंडाळणीत असतं. तारेचे वेढे खुंटीच्या मुठीकडच्या भिंतीकडे सरकत जायला हवेत, म्हणजे तार स्वतःच खुंटीला आत ओढते. उलट दिशेने गुंडाळलं तर तीच तार खुंटीला बाहेर ढकलते. तार सोडून परत नीट गुंडाळा, पाच मिनिटांचं काम, बहुतेकांचा प्रश्न इथेच मिटतो. उरलेल्यांसाठी खुंटीची तयार पेस्ट मिळते, तिचा पातळ हात पुरतो.

भोकात सॅन्डपेपर घालून फिरवू नका. हाताने फिरवलेला सॅन्डपेपर भोक गोल ठेवत नाही, ते अंडाकृती होतं, आणि मग खुंटी दोनच ठिकाणी टेकते. त्यानंतरचा रस्ता म्हणजे भोकात लाकडाचा नवा तुकडा बसवून पुन्हा भोक पाडणं. तेलाचा विषयच काढू नका. खुंटी घर्षणावर उभी असते आणि तेलाचं काम घर्षण घालवणं. तरी लोक घालतात, कारण ती ‘जड फिरते’. खुंटीवरून तेल लाकडात मुरतं ते परत येत नाही.

जवारी: इथे माझीच गोष्ट

मी हे काम शिकत होतो तेव्हाची. एका तानपुऱ्याचा नाद बसला होता. तार छेडली की ठप्प, नुसता ठोकळ्यासारखा आवाज. मी घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, पाहिली, तारांनी पाडलेल्या बारीक खाचा दिसल्या, आणि मला वाटलं रोग सापडला. कानस घेतली, वर बारीक सॅन्डपेपर, बोटाने दाबून घासलं. अर्ध्या तासाने आवाज उघडण्याऐवजी पत्र्यासारखा झाला.

वस्ताद आले, त्यांनी घोडीकडे पाहिलंही नाही. शेजारच्या तारेखाली, घोडीवर असतो तो बारीक दोरा केसभर पुढे सरकवला. त्या तारेखाली मी अजून घासलं नव्हतं, ती लगेच गुंजायला लागली. मूळ तानपुऱ्याला काही झालंच नव्हतं. कुणीतरी पुसताना दोरे सरकले होते.

तानपुरा, सितार यांच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अतिशय मंद उतार असतो. थरथरणारी तार त्या उतारावर क्षणाक्षणाला थोडी पुढे, थोडी मागे टेकते, आणि त्या टेकण्यातून स्वरांचा तो झरा निघतो, तीच जवारी. उतारातला फरक डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. बोटाने दाबलेला सॅन्डपेपर कडा आधी खातो आणि माथा गोल करतो. गेलेलं हाड किंवा शिंग परत येत नाही. माथ्याची जाडी हेच घोडीचं आयुष्य, आणि मी अर्ध्या तासात त्यातली काही वर्षं भुकटी करून फुंकून टाकली.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी (तानपुरा असेल तर) दोरा जागेवर आहे का, मग तार गंजलेली किंवा पिळलेली आहे का, मग घोडी तबलीवर, म्हणजे वरच्या लाकडी झाकणावर, सगळ्या पायांनी टेकली आहे का. या तिन्ही गोष्टी ठीक असतील आणि तरी जवारी बसलेली असेल, तर घोडी जाणकाराच्या हातात द्या. हे काम लिहून शिकवता येत नाही. मला तरी येत नाही.

पेटीचा सूर बसला किंवा मुका झाला

हार्मोनियमचा एखादा सूर अचानक बंद पडला तर दहांतल्या नऊ वेळा पितळी जिभेत आणि तिच्या चौकटीत धुळीचा कण अडकलेला असतो. पातळ कागद जिभेखालून अलगद सरकवून काढला की सूर बोलतो. एवढं घरी करायला हरकत नाही. तोंडाने फुंकू नका, ओलावा पितळेला लागतो. तेलाचा थेंब सोडू नका, त्यावर आणखी धूळ बसते.

सूर उतरला असेल तर मात्र हात आवरा. सूर मिळवण्याचं तत्त्व लहान मुलालाही कळेल असं आहे. जिभेचं टोक खरवडलं की ती हलकी होते, सूर चढतो. मुळाशी खरवडलं की ती लवचीक होते, सूर उतरतो. हेच वाचून लोक नेलफायली घेऊन बसतात. थोडा जास्त चढला म्हणून मुळाशी खरवडतात, थोडा जास्त उतरला म्हणून टोकाला. अशी पाच-सहा वेळा येरझार झाली की जीभ मुळाशी इतकी पातळ होते की जोरात भाता मारला की तुटते. खरवडलेलं पितळ परत लावता येत नाही, आणि त्याच घराण्यातली, त्याच वयाची जीभ शोधणं म्हणजे सोयरीक जुळवण्याहून अवघड.

बाकीचं थोडक्यात

गिटारचा ब्रिज उचलला गेला तर त्यात स्क्रू मारू नका. स्टीलच्या सहा तारा मिळून ७० किलोच्या आसपास ओढतात. ती ओढ दोन स्क्रूंच्या भोकांवर आली की टॉप तिथून फाटतो. ट्रस रॉड, म्हणजे मानेतली ताणाची सळई, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि अडखळला तर थांबा. ट्रम्पेटचं मुखपीठ अडकलं तर पक्कड नको, त्यासाठी ओढयंत्र मिळतं. पकडीने मुखपीठ निघतं, पण नळीलाही पीळ बसतो.

पॉलिशबद्दल मात्र दोन शब्द जास्त. जुन्या वाद्यांचं वार्निश कित्येकदा स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या राळेचं किंवा लाखेचं असतं. सॅनिटायझर, अत्तर, काच पुसायचा द्रव यांत अल्कोहोल असतं, आणि एका पुसण्यात वार्निश चिकट होऊन कापडाला येतं. फर्निचरच्या पॉलिशमध्ये बरेचदा सिलिकॉन असतं. दिसायला वाद्य आरशासारखं होतं, पण पुढे कुणी वार्निश दुरुस्त करायला गेलं तर नवा थर त्या जागी बसतच नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. वाजवून झाल्यावर गजावरून पडलेली राळेची भुकटी सुक्या, मऊ कापडाने पुसायची. एवढंच पॉलिश.

चूक होऊन गेली असेल तर

पहिली गोष्ट, ती सुधारायला जाऊ नका. सुपरग्लू अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो हे खरं आहे, पण वार्निश त्याच्या आधी विरघळतं. नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन बसलेल्यांनी मला आतापर्यंत टक्कल पडलेली तीन वाद्यं आणून दिली आहेत.

दुसरी गोष्ट, काय लावलं ते खरं सांगा. इथे लोक विलक्षण लाजतात. ‘आधीच्या मालकाने केलं असावं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मान डोलावून पुढे जातो. पण पांढरा गोंद, सुपरग्लू आणि एपॉक्सी यांचा इलाज पूर्ण वेगळा आहे. पांढरा गोंद ओलावा आणि ऊब दिल्यावर मऊ पडतो. सुपरग्लू मी भिंगाखाली सुरीच्या टोकाने कणाकणाने खरवडतो. एपॉक्सी असेल तर कित्येकदा लाकडाचा तेवढा भागच काढून नवा घालावा लागतो. काय आहे हे ओळखण्यात एक दुपार जाते, ती तुम्ही एका वाक्यात वाचवू शकता. बाटलीच घेऊन आलात तर फारच उत्तम.

आणि कारागिरालाही एक प्रश्न विचारायला संकोचू नका: कुठला गोंद वापरणार? उत्तर ‘सगळ्यात स्ट्राँग’ असं आलं तर वाद्य उचला आणि चहा न घेता निघा.

त्या व्हायोलिनला अकरा दिवस लागले. सुपरग्लूने उपटलेल्या तंतूंच्या जागी जुन्या स्प्रूसची नखभर रुंद पट्टी घालावी लागली. कडा पुन्हा सपाट केल्या आणि पातळ सरसाने जोड बंद केला. अंगठ्याचा ठसा तसाच ठेवला. तो काढायचा तर दीडशे वर्षांचं वार्निश बरोबर निघालं असतं.

पुढच्या कोरड्या मोसमात मालकाचा फोन आला. आवाज पडलेला. "तोच जोड, तीच जागा, दोन इंच सुटलाय. टॉपला काही झालेलं नाही."

मी म्हटलं, "वा! घेऊन या."